ओव्याचं फूल, वरोआ आणि माझी सात नंबरची पेटी

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये मी माझ्याच मधमाश्यांना त्यांच्या घरातून हाकलून दिलं. मुद्दाम नाही हो, औषध द्यायला गेलो होतो, आणि तेही केमिकल वगैरे नाही, एकदम आयुर्वेदिक, आपल्या डब्यातल्या ओव्याचं. दुपारी चारला शेतावर गेलो तर सात नंबरच्या पेटीच्या तोंडावर माश्यांची हातभर दाढी लोंबत होती, मी म्हटलं ऊन फार आहे, हवा खायला बसल्या असतील, आणि घरी येऊन निवांत चहा प्यालो. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडलं तर आत फ्रेम होत्या, थोडा मध होता, ओव्याचा डोळ्यांत पाणी आणणारा भपकारा होता. माश्या नव्हत्या.

तेव्हापासून कोणी फोन करून विचारलं की दादा, वरोआ कोळ्यावर काही नॅचरल आहे का, साइड इफेक्ट नसलेलं, की मी आधी सात नंबरची गोष्ट सांगतो. आज लिहूनच ठेवतो म्हणजे सारखं सारखं सांगायला नको.

मी जालन्याकडचा. आमच्या भागात कांद्याच्या बियाण्याचे प्लॉट भरपूर, फेब्रुवारीत कांद्याचे गोंडे फुलले की प्लॉटवाले मधपेट्या शोधत फिरतात, कारण माशी नसली तर बी भरत नाही. माझ्याकडे २२ पेट्या आहेत, सगळ्या मेलिफेरा, म्हणजे लोक जिला इटालियन म्हणतात ती. ही माशी आपली नाही, १९६० च्या दशकात आधी हिमाचलमधल्या नगरोटा बगवानला आणि मग पंजाबात ती रुजवली गेली, तिथून ती देशभर पसरली. मध जास्त देते, शांत असते, पेटी सोडून सहसा जात नाही. (सहसा!)

आता वरोआ, म्हणजे माश्यांच्या अंगावर जगणारा बारीक कोळी. तांबूस तपकिरी, चपटा, दीड मिलिमीटर रुंद आणि लांबीला त्याहून कमी, म्हणजे खेकड्यासारखा आडवा. सरळ भाषेत सांगायचं तर माशीचा गोचीड. फक्त प्रमाण बघा, माशीच्या अंगावर तो जेवढा दिसतो तेवढा आपल्या अंगावर असता तर भाकरीएवढा गोचीड छातीला चिकटवून फिरावं लागलं असतं. आधी सगळे म्हणायचे की तो माशीचं रक्त पितो. २०१९ मध्ये सॅम्युअल रॅमसे नावाच्या अमेरिकन संशोधकाने दाखवून दिलं की वाढ झालेल्या माशीवर बसलेला कोळी मुख्यतः तिच्या शरीरातली चरबी खातो, आणि माशीची ही चरबी म्हणजे आपल्या लिव्हरसारखं काम करणारा अवयव आहे, विष पचवणं, रोगाशी लढणं, ताकद साठवणं सगळं तिथेच. वर तो व्हायरसही पसरवतो, त्यातला पंख वाकडे करणारा तर डोळ्यांनी दिसतो. पेटीसमोर जमिनीवर माश्या सरपटताना दिसल्या, पंख चुरगळलेल्या कागदासारखे, की समजायचं उशीर झाला.

माझ्या सात नंबरसमोर त्या दिसल्या होत्या. मग पिठीसाखरेची टेस्ट केली. ही टेस्ट ज्याने केली नाही त्याने औषधाबद्दल बोलूच नये असं माझं आता मत झालंय. काचेच्या बरणीला जाळीचं झाकण, पिलाव्याच्या, म्हणजे अंडी-अळ्या असलेल्या फ्रेमवरून अर्धा कप माश्या झटकून घ्यायच्या, त्या साधारण ३०० भरतात, राणी त्यात आली नाही ना हे दोनदा बघायचं, दोन चमचे पिठीसाखर टाकून बरणी हळू फिरवायची, मिनिट-दोन मिनिटं थांबायचं आणि पांढऱ्या ताटात साखर गाळायची. साखरेच्या भुकटीने कोळ्याची पकड सुटते. ताटात थोडं पाणी टाकलं की साखर विरघळते, तांबूस ठिपके उरतात, मोजा. माश्या पांढऱ्या भुतासारख्या परत पेटीत जातात, घरच्या त्यांना चाटून साफ करतात. शंभर माश्यांमागे तीन कोळी म्हणजे ३०० ला नऊ, तिथे बहुतेक जण धोक्याची रेघ मारतात. सात नंबरला १९ निघाले.

आता केमिकल पट्ट्या मिळतात, मी त्या वापरल्याही आहेत, नाव घेत नाही. पण त्यांचं दुखणं सगळ्या जगाला माहीत आहे. फ्लुव्हॅलिनेटच्या पट्ट्यांना युरोपात नव्वदच्या दशकातच कोळी सरावले, आणि मेणात ती औषधं वर्षानुवर्षं साचून राहतात. आपण तेच मेण वितळवून परत शीट करतो, म्हणजे साचलेलं औषध नवीन पोळ्यात. म्हणून वनस्पतीकडे वळलो. तत्त्व वगैरे काही नव्हतं, मेणाची भीती होती.

आणि वनस्पतींमध्ये एकच नाव परत परत येतं, थायमॉल. युरोपवाले थाइम नावाच्या त्यांच्या झुडपातून काढायचे, आपल्याकडे ते ओव्यात आहे, ओव्याचा वास म्हणजेच थायमॉल. काष्ठौषधीच्या दुकानात ओव्याचं फूल मागितलं की पांढरे-पारदर्शक खडे मिळतात ना, तेच ते. गंमत म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या आधी भारतातून ओवा जहाजाने जर्मनीला जायचा आणि तिथे त्यातून थायमॉल काढलं जायचं, तेव्हा ते माणसाच्या पोटातल्या आकडेकृमीवर औषध होतं. म्हणजे आपल्या आज्या पोट दुखलं की ओवा चावायला देत होत्या त्यात काही खुळेपणा नव्हता. आजचं बाजारातलं बरंचसं थायमॉल कारखान्यात तयार होतं हेही सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही खडा हातात घेऊन शेत आठवत बसाल. रेणू तोच, माशीला काही फरक पडत नाही.

दुकानात मी पाव किलो मागितलं तर काका चष्म्यावरून बघायला लागले. एवढं कुणाचं पोट दुखतंय? म्हटलं माश्यांचं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, कापूर आणि पुदिन्याचं फूलही देऊ का म्हणाले, अमृतधारा करायची असेल तर. तेव्हा मी हसलो. नंतर घरी वाचत बसलो तर कळलं की इटलीत वरोआसाठी एक वडी बनते, अपीलाइफ वार नावाची, त्यात काय आहे तर थायमॉल, मेन्थॉल (म्हणजेच पुदिन्याचं फूल), कापूर आणि निलगिरीचं तेल. तीन चतुर्थांश थायमॉलच. म्हणजे आपली अमृतधारा अधिक निलगिरी! काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, मग आम्ही काय सांगत होतो.

तर मी काय केलं ते ऐका. १५ ग्रॅम फूल खलबत्त्यात बारीक कुटलं, मलमलच्या कापडात पुरचुंडी बांधली आणि फ्रेमच्या वर बरोबर मधोमध ठेवली. एप्रिलचा दुसरा आठवडा, बाहेर ४१. डोस मी हवेतून घेतला नव्हता, अपीगार्ड नावाचं जे थायमॉलचं जेल परदेशात मिळतं त्याच्या ५० ग्रॅमच्या ट्रेमध्ये साडेबारा ग्रॅम थायमॉल असतं, मी म्हटलं आपली माशी दणकट, थोडं जास्त टाकू.

पण अहो, जेल आणि कुटलेली भुकटी यात जमीन-अस्मानाचा फरक. जेलचं कामच हे की थायमॉल धरून ठेवायचं आणि दोन आठवडे थोडं थोडं सोडायचं. माझी भुकटी म्हणजे सगळा पृष्ठभाग उघडा, वर ४१ अंश, पेटीचं झाकण पत्र्याचं, सगळी वाफ एका दुपारीत. आपण डोस डोस म्हणतो पण थायमॉलमध्ये ग्रॅम म्हणजे अर्धाच डोस आहे, उरलेला अर्धा टेम्परेचर ठरवतं. थंडीत उलटं होतं, पारा १५ च्या खाली गेला की खडे तसेच पडून राहतात, वाफ होत नाही, कोळी मजेत. गरमीत माश्या बाहेर येऊन लटकतात, राणी अंडी घालायचं थांबवते, कामकरी पिलावा ओढून बाहेर टाकतात, आणि अगदीच असह्य झालं तर निघून जातात. माझ्याकडे हे सगळं अठरा तासांत झालं.

थायमॉल मुळात विषच आहे, कोळ्यालाही आणि माशीलाही. कोळी लहान आहे म्हणून आधी मरतो एवढंच, आणि या दोन मरणांच्या मधे जी अरुंद पट्टी आहे तिच्यात आपल्याला चालायचंय. मलाही त्याने सोडलं नाही, कुटताना ग्लोव्ह्ज घातले नव्हते, बोटांची सालं निघाली आणि डोळा चोळला तेव्हा जे झालं ते लिहीत नाही.

दुसरी अडचण, जी कोणी सांगत नाही. वरोआची मादी पिल्लाचं घर बंद व्हायच्या जरा आधी आत शिरते आणि अळीखाली दडून बसते. माश्या वरून मेणाचं टोपण लावतात, म्हणजे घुसखोराला आतून कडी. टोपण लागल्यावर अडीच-तीन दिवसांनी ती पहिलं अंडं घालते, त्यातून नर, मग साधारण तीस-तीस तासांनी एकेक मादी, आणि भाऊ बहिणींशीच, असो, कोळ्यांचं घराणं आहे. माशी बाहेर पडते तेव्हा आई आणि वाढलेल्या लेकी तिच्याबरोबर बाहेर. राणी जोरात अंडी घालत असेल त्या दिवसांत निम्म्याहून बरेच जास्त कोळी असे टोपणाखाली असतात आणि थायमॉलची वाफ टोपणाच्या आत पोचत नाही. कामकरी माशीचं टोपण १२ दिवस बंद राहतं. म्हणजे आठवडाभर औषध देऊन ताटात मेलेले कोळी बघून जे खूश होतात त्यांनी फक्त बाहेरचे मारलेत, आतले अजून यायचेत. चार ते सहा आठवडे धीर धरावा लागतो. फॉर्मिक ॲसिड टोपणातून आत जातं, पण ते वनस्पतीचं नव्हे आणि ४० अंशात तेही माश्यांना परवडत नाही.

बाकीच्या वनस्पतींबद्दल सगळ्यात जास्त विचारतात, तेवढं सांगतो.

कडुनिंब. याच्याबद्दल वाईट बोललं की लोकांना राग येतो, माझ्या घरासमोरही आहे, मलाही आवडतो. पण कॅनडात निंबोळीच्या तेलाचे प्रयोग झाले होते, २००० साली छापून आले, तेल फवारलं तर कोळी मेले खरे, पण बऱ्याच पेट्यांतल्या राण्याही गेल्या. राणी जाणं म्हणजे काय ते पेटीवाल्याला वेगळं सांगायला नको. पिकावरची फवारणी आणि माशीच्या अंगावरची फवारणी यात फरक आहे. तेलाने माशीच्या अंगावरची श्वासाची भोकंच बुजतात.

हळद, लसूण, तुळस, पुदिना, हे सगळं कोणी ना कोणी टाकून बघितलंय. मीही लसूण ठेचून ठेवला एकदा, दोन दिवसांत माश्यांनी उचलून बाहेर फेकला, मधाला वास लागला नाही हे नशीब. आईने कुंडीतल्या पानओव्याची पानं दिली, त्यात काय कमी वास असतो का म्हणाली. वास असतो, पण पानातून हवेत येणारं प्रमाण इतकं थोडं की कोळ्याला शिंकही यायची नाही. पानं तीन दिवसांत वाळली, माश्यांनी कडा कुरतडून कचरा दारात आणून ठेवला. आईला सांगितलं, पानं संपली, छान काम केलं.

तंबाखूचा धूर देणारे जुने लोक आहेत. कोळी पडतात, खोटं नाही. माश्याही झिंगून पडतात.

स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी १९९९ मध्ये या सगळ्याचा हिशोब मांडला होता, दीडशेहून जास्त सुगंधी तेलं आणि त्यांचे घटक लॅबमध्ये तपासले गेले होते, लॅबच्या डबीत खूप जणांनी कोळी मारले, पण खऱ्या पेटीत फारच थोडी टिकली. त्यात ठळकपणे उरलं ते थायमॉल, एकटं किंवा इतर तेलांबरोबर, बहुतेक ठिकाणी नव्वद टक्क्यांच्या वर. मला हे वाचून बरं वाटलं, कारण निदान पदार्थ तरी मी बरोबर निवडला होता. वेळ चुकली होती.

हां, आणि ऑक्झॅलिक ॲसिड. ते पालकात असतं, आंबट चुक्यात असतं म्हणून नैसर्गिक, असं म्हणत विकणारे भेटतात. अळूचं फदफदं नीट शिजलं नाही की घशाला जी खाज सुटते ती याच कुटुंबातली, कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुया. औषध म्हणून ते चांगलंच आहे, पेटीत पिलावा नसेल तेव्हा तर फारच, पण पावडर कारखान्यातून येते, चुक्याच्या जुडीतून नाही.

आता वेळ. युरोप-अमेरिकेतलं वाचून त्यांचं कॅलेंडर उचलायचं नाही. त्यांचं थायमॉल ऑगस्ट-सप्टेंबरात, मध काढून झाल्यावर, थंडी यायच्या आधी. आमच्याकडे मार्च ते जून विसराच. डिसेंबर-जानेवारीत रात्री दहा-बारापर्यंत उतरतात, खडे झोपतात, आणि लगेच कांद्याचा हंगाम, तेव्हा औषध घालून पेटी बिघडवायची नाही. भर पावसाळ्यात पेटी तशीच भुकेली असते, साखरेच्या पाकावर जगत असते. उरतो तो पाऊस उघडल्यानंतरचा काळ, सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरची अखेर. दिवसा ३०-३३, रात्री वीसच्या आसपास, पेटीवर मधाचा वरचा मजला नसतो. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे, कारण थायमॉल मेणात आणि मधात मुरतं, किलोला साधारण एक मिलिग्रामच्या वर गेलं की जिभेला ओवा लागतो. ओव्याच्या फुलोऱ्याचा मध लोक कौतुकाने घेतात, पण तो असा ओवा नव्हे.

गेल्या ऑक्टोबरला मी असं केलं. (माझ्या पेट्या, माझी हवा, तुमची जबाबदारी तुमची.) खडे कुटले नाहीत, अख्खे ठेवले. चार ग्रॅम, पाण्याच्या बाटलीच्या दोन टोपणांत वाटून, वर मच्छरदाणीची जाळी, आणि टोपणं मधोमध न ठेवता पिलाव्यापासून लांब, कोपऱ्यात. फ्रेम आणि झाकण यांच्या मधे दोन बोटं उंचीची लाकडी चौकट, वाफेला फिरायला जागा हवी. थायमॉलची वाफ हवेपेक्षा जड, खाली उतरते, म्हणून वर ठेवायचं आणि तळाची जाळी तेवढे दिवस बंद. दर आठवड्याला टोपणं बघायची, संपलं असेल तेवढंच भरायचं, असे पाच आठवडे. दुपारी पारा ३५ च्या वर जातोय असं वाटलं तर सकाळीच टोपणं उचलून घ्यायची. दोनदा उचलली. तळाला जुन्या फ्लेक्सचा पांढरा तुकडा गोडेतेल लावून सरकवला होता, त्यावर पडलेले कोळी मोजायचं काम पुतणीने केलं, ती चौथीत आहे, तिचे आकडे माझ्यापेक्षा खरे.

अकरा नंबरला आधी ३०० माश्यांत १४ होते, पाच आठवड्यांनी २. तीन नंबरला ११ चे ६ झाले, का ते कळलं नाही, बहुतेक झाकणाला भेग होती आणि वाफ निसटत होती. बाकीच्या मधल्या. राण्या सगळ्या शाबूत, एकीने आठवडाभर अंडी कमी घातली.

सातेरीवाले, म्हणजे आपली देशी माशी पाळणारे, हे वाचून हसत असतील. मामाचं गाव महाबळेश्वरकडे, त्याच्याकडे सातेरीच्याच पेट्या, तो म्हणतो तुमच्या इटालियन पोरींना काही काम नाही का. त्याचं खरं आहे. हा कोळी मूळचा सातेरीच्या जातीचाच पाहुणा, जावा बेटावर त्याच माशीवर १९०४ मध्ये त्याच्या घराण्याची पहिली नोंद झाली, आणि मेलिफेराचा खून करणारा तो वेगळा आहे, त्याला डिस्ट्रक्टर हे वेगळं नाव द्यायला हवं, हे कळायला २००० साल उजाडलं. हजारो वर्षं सोबत राहून सातेरी शहाणी झालीय, एकमेकींच्या अंगावरचे कोळी वेचते, आणि तिच्याकडे कोळ्याची वाढ जवळजवळ नरांच्या पिलाव्यातच होते, कामकरीच्या घरात त्याचं फारसं फळत नाही. मेलिफेरा आली, तिला यातलं काहीच येत नव्हतं, घरच्या ढेकणाने पाहुण्यालाच फोडून खाल्लं. पण सातेरीवाल्यांनी फार मान वर करू नये, थाई सॅकब्रूड या अळ्या मारणाऱ्या व्हायरसच्या साथीने १९९१-९२ मध्ये दक्षिणेत सातेरीच्या पेट्याच्या पेट्या रिकाम्या केल्या होत्या, आणि त्यावर ना ओवा चालतो ना निलगिरी.

आमच्याकडे अजून एक छोटा कोळी आहे, ट्रॉपिलेलॅप्स, आग्या माशीकडून आलेला. आमच्या पाण्याच्या टाकीला दरवर्षी आग्याची पोळी लागतात, त्यामुळे तो सुटत नाही. वरोआपेक्षा लांबट, फ्रेमवर पळत सुटतो. पण त्याचं एक बरं आहे, वाढ झालेल्या माशीचं अंग त्याला फोडता येत नाही, फक्त पिलाव्यावर जगतो. राणीला तीन आठवडे पिंजऱ्यात ठेवलं, पिलावा संपला, की हा उपाशी मरतो. औषध शून्य.

या सप्टेंबरात परत मोजणी केली. २२ पैकी पाच पेट्यांना थायमॉलची गरजच नाही असं निघालं, नऊच्या खूप खाली, त्यांना काही दिलं नाही. त्यातली चौदा नंबरची दोन वर्षं बघतोय, कधीच पाचच्या वर गेली नाही, आणि फ्लेक्सवर तिचे जे कोळी पडतात त्यातल्या बऱ्याच जणांचे पाय तुटलेले असतात. पुतणीने भिंगाखाली दाखवले. तिचं म्हणणं, या माश्या चावतात त्यांना. जानेवारीत त्या पेटीतून चार राण्या तयार करायला घेतोय, एक सात नंबरला जाईल, ती पेटी अजून रिकामीच आहे, उन्हात ठेवली, धुतली, तरी झाकण उघडलं की ओवा येतोच.